दाजींच्या चिठ्ठीचा कोपरा

पनवेलातून मुंबईला कामाला जायचं म्हणजे तेव्हा दोन गोष्टी लागत. एक एस.टी.चं तिकीट आणि दुसरी दाजी कडूंची चिठ्ठी. तिकिटाचं काय, रांगेत उभं राहिलं की ते कुणालाही मिळे. एस.टी. ठाण्याला सोडी, पुढे आगगाडी परळला नेई. पण परळला उतरून गिरणीच्या फाटकाशी गेलं की दरवान विचारी, "कुणाचा माणूस?" या प्रश्नाला उत्तर नसलं, तर आल्या पावली परत फिरा! आणि उत्तर असलं, तर ते दाजींच्या चिठ्ठीत असे.

ही गोष्ट सत्तावन्न सालची. दाजींनी गिरणीत तीस वर्षं काढली होती. आधी साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, आणि मग जॉबर म्हणून. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. नवा माणूस घ्यायचा झाला की साहेब जॉबरला विचारी, आणि जॉबर आपल्या गावाकडे बघे. बारा वर्षांपूर्वी दाजी निवृत्त होऊन पनवेलला येऊन राहिले, तेव्हा त्यांची जागा त्यांचा पुतण्या कमळाकर याला मिळाली. तेव्हापासून रोज सकाळी दाजींच्या ओटीवर दोन-चार माणसं बसलेली असायचीच. गव्हाणची, उलव्याची, शिरढोणची, कुठकुठली! दाजी कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसत. उलट येणाऱ्याला घरचा चहा पाजत. "आपल्या हातून चार घरांच्या चुली पेटतात, आनखी काय पायजेल?" असं म्हणत आणि मिशीला पीळ देत. माणूस भला होता, यात शंका नाही. गोष्ट आहे ती भल्या माणसाचीच. वाईट माणसाच्या गोष्टीतून आपण काय शिकणार?

दाजींची नजर अधू झाली होती, म्हणून गेली चार वर्षं चिठ्ठी लिही त्यांची सून दमयंती. सातवी शिकलेली, अक्षर मोत्याच्या दाण्यांसारखं. मजकूर सगळ्यांना एकच: "चि. कमळाकर यास अनेक आशीर्वाद. पत्र घेऊन येणारा इसम कष्टाळू व निर्व्यसनी आहे. त्याच्या पोटापाण्याची सोय पाहावी." खाली दाजी आपली वेडीवाकडी सही ठोकत. मग कागद पाकिटात घालण्याआधी कुणाकुणाच्या चिठ्ठीचा खालचा उजवा कोपरा अंगठ्याच्या नखानं दुमडत. दमयंतीला वाटे, म्हाताऱ्या माणसाची सवय आहे झालं.

सवय नव्हती ती. कोपरा सरळ असला, की कमळाकर त्या माणसाला साच्यावर घेई. कोपरा दुमडलेला असला, की बाहेरच्या कामाला धाडी. झाडू मारणं, गाठी उचलणं, नाहीतर कापूस पिंजायच्या खात्यात दिवसभर धुरळा खाणं. सरळ कोपरा कुणाचा आणि दुमडलेला कुणाचा, हे चिठ्ठी मागणारा गावातून येतो की गावाबाहेरच्या वाड्यातून, यावर ठरे. इतकं साधं होतं ते, आणि इतकं गुपचूप!

त्या शुक्रवारी ओटीवर दोघंच होते. एक गव्हाणचा रामू घरत. जन्मात मिठागराबाहेर पाऊल न टाकलेला, अंगानं दांडगा आणि मनानं भाबडा. दुसरा शिरढोणचा जगन. पंचविशीतला, मितभाषी. आदल्याच वर्षी त्याच्या सगळ्या वाड्यानं बुद्धधर्माची दीक्षा घेतली होती. हा पनवेलच्या विणकामाच्या वर्गात दोन वर्षं हातमाग शिकला होता आणि पहिला आला होता. मास्तरांनी बक्षीस म्हणून दिलेला, मागावर आडवा धागा नेणारा शिसवी धोटा तो पिशवीतच बाळगी. दाजींचा जुना दोस्त अलीमियाँही नेहमीप्रमाणे बाकड्यावर पेपर वाचत बसला होता. तोही त्याच गिरणीत पिकलेला.

"सोमवारी नवे साचे चालू व्हनार हायेत," दाजी म्हणाले. "कमळाकरानं निरोप धाडलाय, पंधरा मानसं घ्यायची हायेत. नशीबवान हाव तुमी! यानंतर दोन-तीन वर्सं काय भरती नाय."

"साचा म्हंजी?" रामूनं विचारलं. "मोदकाचा का?"

अलीमियाँ पेपराआड खो खो हसला. दमयंतीनं पदर तोंडाला लावला. जगनही गालात हसला आणि साचा म्हणजे काय, ताणा कसा, बाणा कसा, हे त्यानं रामूला दोन वाक्यांत समजावून दिलं. दाजी कौतुकानं ऐकत राहिले. पोरगं तयार आहे, त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी दोन्ही चिठ्ठ्यांवर सही केली. रामूची सरळ पाकिटात घातली. जगनच्या चिठ्ठीवर अंगठ्याचं नख फिरवलं. हात आपोआप चालला. श्वास घेताना आपण विचार करतो का? तसं.

दोघंही पाया पडून रविवारच्या गाडीची तिकिटं काढायला गेले.

तासाभरात दोघं परत आले. पुढे जगन, मागे मान खाली घातलेला रामू. जगननं आपली चिठ्ठी पाकिटातून काढून दाजींसमोर बाकड्यावर ठेवली.

"दाजी, ह्यो कोपरा काय म्हनतो?"

दाजींच्या तोंडचं पाणीच पळालं. तरी सावरून म्हणाले, "काय म्हननार? कागद हाय, दुमडला आसंल."

"मीच सांगलं त्याला, दाजी," रामू चाचरत म्हणाला. "तिकिटाच्या रांगेत त्याची चिठ्ठी बघितली, मला वाटलं, त्याला ठाऊक हाय. आमच्या गावात तर शेंबडं पोर बी सांगल. कोपरा सरळ तं आतलं चांगलं काम, दुमडला तं झाडू. मी त्याला म्हनलं, तू येवढा शिकलास नि तुजा कोपरा दुमडलेला कसा रं?"

दमयंती आतून बाहेर आली होती. तिनं चिठ्ठी उचलली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "मामंजी, खरं आहे का हे?"

दाजी मिशीला हात लावून अंगणाकडे बघू लागले.

"मग चार वर्षं मी काय लिहीत होते?" तिचा आवाज चढला नाही, पण कापला. "'कष्टाळू व निर्व्यसनी' मी लिहायचं आणि खरं काय ते तुमच्या नखानं लिहायचं! जगनभाऊ, तुम्ही कोपरा सरळ करून गेला असता तर?"

"केला आसता, वैनी. पन घडीची रेघ जात नाय. आनि चोरून कशापायी जाऊ? काम येतं ना मला!"

आता दाजींनाही बोलणं भाग होतं. त्यांनी घसा साफ केला. "हे बघ जगन, माजं काय नाय. माज्या घरात कोन इटाळ पाळतं का? तू ह्याच ओटीवर बसलास, ह्याच कपात च्या प्यालास. पन खात्यातल्या लोकांचं बघाया लागतं ना! तू शिकलेला हायेस, तुला सांगाया नको. सुताची कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालायची आनि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं वढायचं. दिवसातून शंभर येळा! योकच धोटा. दिवसपाळीवाला तोंडाला लावनार, रातपाळीवाला बी त्योच लावनार. तुजा धोटा ते लोक तोंडाला लावतील का? उद्या साचे बंद पाडतील, कमळाकराची नोकरी जाईल. लोक आयकत नायत, बाबा. मी येकटा काय करू?"

जगननं खांद्यावरची पिशवी सावरली. मग म्हणाला, "माज्या धाकूदादाला तुमी धाडलं व्हतं, धा वर्सांमागं. त्याचा बी कोपरा असाच व्हता?"

दाजींना धाकू आठवला. तोही असाच उमदा. पिंजणखात्यात सहा वर्षं कापसाचा धुरळा खाऊन छाती पोखरली, तेव्हा घरी आला. अजूनही बाजारात भेटला की धापा टाकत हात जोडे आणि म्हणे, "दाजी, तुमच्यामुळं मुंबय बघितली." दाजी त्याच्या पाठीवर थाप मारत आणि मनातल्या मनात खूश होत. 

अलीमियाँनं पेपराची घडी घातली. "दाजी, एक बात विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"आपण चौदा वर्षं एकाच साच्यावर होतो. तुझी दिवसपाळी, माझी रातपाळी. धोटा कुणाचा होता?"

"गिरनीचा."

"गिरणीचा तर खराच. पण तोंडाला कोण लावत होतं? तू आणि मी! माझी थुंकी तुला चालली, तुझी मला चालली. मग याचीच कशी नाही चालत?"

"तुजी गोष्ट निराळी, अली."

"निराळी कशी? पहिल्या आठवड्यात तू काय करत होतास ते सांगू का सुनेला? पाळी बदलताना माझ्या हातातून धोटा घ्यायचास आणि कोपऱ्यात जाऊन पाण्यानं खळाखळा धुवायचास! मी बघत होतो. दिल दुखलं होतं माझं. पण महिनाभरात धुणं बंद झालं. का? जितके वार कापड तितके पैसे, धुवायला वेळ कुणाला? पोटाची घाई झाली आणि तुझा विटाळ पळाला! अरे, चौदा वर्षांत तू मेलास का, का माझा दीन बुडाला? कमळाकराचे लोक काय आभाळातून पडलेत? तेही तसेच. दोन दिवस धुतील, चार दिवस धुसफुसतील, मग पोटाची घाई होईल."

"पन कुनीतरी सुरुवात कराया लागंल ना!" दाजी वैतागून म्हणाले.

"हां! आता कसं बोललास!" अलीमियाँ पुढे सरकला. "दाजी, एस.टी.चं तिकीट याला आणि रामूला सारखंच पडलं. गाडी एक, रस्ता एक, मुंबई एक. पण मुंबईत उतरल्यावर कुणी कुठल्या दारानं आत जायचं, हे मुंबईत ठरतच नाही. ते इथं ठरतं, पनवेलात, तुझ्या ओटीवर! लोक म्हणतात, शहरात गेलं की जात गळून पडते. कशी पडेल? तू तर ती पाकिटात घालून बरोबर देतोस!"

 दमयंतीनं दौत आणि टाक उचलून आतल्या फळीवर ठेवून दिले. "मामंजी, यापुढं चिठ्ठ्या माझ्या हातून लिहून व्हायच्या नाहीत," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली. त्या घरात सासऱ्यांना असं कुणी आजवर बोललं नव्हतं.

दाजींचा चेहरा लालबुंद झाला. "म्हंजी मीच वाईट काय? मी सांगतोय, माजं काय नाय! दे रं जगन, तुजा धोटा दे हिकडं. दावतो ह्यांना!"

जगननं पिशवीतून धोटा काढला. आत कांडी बसवली, टोक भोकाशी नेलं आणि ओठ लावून चुटकन ओढलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत धागा बाहेर! जुन्या विणकराच्या मनात आलं, वा! मग जगननं धागा तोडला, टोक पुन्हा आत सारलं आणि धोटा दाजींच्या हातात ठेवला.

दाजींनी धोटा तोंडाकडे नेला. आणि अर्ध्या वाटेतच तो खाली आला. उजवा हात त्यांना न विचारता धोतराच्या सोग्याकडे गेला, आणि सोगा धोट्यावर घासू लागला.

सगळ्यांनी ते पाहिलं. जगननंही पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

मग दाजींनी स्वतःही पाहिलं. आपलाच हात, आपलाच सोगा! ते तसेच थिजले.  अखेर त्यांच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले.

"अरे देवा! लोकांचं नाव सांगत व्हतो मी... आनि लोक कुटं हायेत हितं? लोक म्हंजी मीच की रं!"

त्यांनी सोगा सोडला. धोटा ओठांना लावला आणि जोरात ओढला. काही झालं नाही. समोरचे दात कधीच गेलेले, वारा बाजूनं निसटायचा. दुसऱ्यांदा ओढला, फुस्स! तिसऱ्यांदा गाल आत जाऊन डोळे बाहेर यायची वेळ आली. डोळ्यांत पाणीही होतं. ते नुसत्या ओढण्यानं आलेलं नव्हतं.

"दाजी," जगन हळूच म्हणाला, "जीभ जरा मागं घ्या. ओठ असं आवळा."

"मला शिकवतोस व्हय रं? तीस वर्सं..." पण त्यांनी जीभ मागे घेतली, ओठ आवळले, आणि चुटकन धागा बाहेर आला! अलीमियाँनं "शाब्बास!" म्हणून बाकड्यावर थाप मारली. रामू तर टाळ्याच पिटू लागला. दमयंतीनं डोळे पुसले.

"दमयंती," दाजी म्हणाले, "आन दौत. ह्याची दुसरी चिठ्ठी लिही, सरळ कोपऱ्याची."

पण जगननं मान हलवली. "नको, दाजी. सरळ चिठ्ठी बघून कमळाकरशेट मला साच्यावर घेतील. चार दिसांनी माजा वाडा कळंल, तवा म्हनतील, म्हाताऱ्याच्या नजरचुकीनं कोपरा ऱ्हायला. आनि भायेर काडतील."

हे खरं होतं. दाजींनी क्षणभर विचार केला. मग अलीमियाँकडे वळून म्हणाले, "अली, दोन दिस तुज्या हितल्या पेपराला सुट्टी. मी ह्यांच्यासंगं मुंबयला चाललो."

सोमवारी सकाळी गिरणीच्या फाटकाशी तिघं उभे राहिले. काकांना बघून कमळाकर धावतच आला, पाया पडला. दाजींनी जगनला पुढे केलं. गाव सांगितलं, वाडा सांगितला, काही लपवलं नाही. "ह्यो विणकामात पयला आलाय. ह्याला साच्यावर घे. आनि ह्या रामूला काय बी येत नाय, त्याला ह्याच्याच हाताखाली शिकाया दे."

कमळाकराचा चेहरा उतरला. तो काकांना बाजूला घेऊन कुजबुजला, "काका, आसं कसं चालंल? खात्यातली मानसं काय म्हनतील? आनि तुमीच तर शिकवलंत ना मला कोपऱ्याचं!"

"मीच शिकवलं," दाजी म्हणाले. "म्हनून तर ह्या वयात एस.टी.चे धक्के खात आलो. चुकीचं शिकवलेलं पोस्टानं परत घेता येत नाय, पोरा. समोर उभं ऱ्हाऊन घ्यावं लागतं."

कमळाकरानं एकदा खात्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग "चला," म्हणाला.

पहिल्या दिवशी जगनला बघून खात्यातले दोघं विणकर साचे सोडून बाहेर जाऊन बसले. एकानं दुसऱ्या रांगेत जागा मागून घेतली. दुपारपर्यंत बाहेर बसलेल्यांना आपले बंद साचे बघवेनात, ते परत आले. जगनच्या साच्याचा धोटा पाळी बदलताना महिनाभर धुतला गेला, मग धुणं मागे पडत गेलं. सगळ्यांचं मन बदललं असं मी म्हणणार नाही, तसं कधी होत नसतं. पण जगनचा साचा थांबला नाही. आणि रामूनं जगनच्या हातून धोटा घेऊन पहिल्यांदा धागा ओढला तो इतका जोरात, की टोक घशात जाऊन त्याला ठसका लागला आणि सगळं खातं हसलं!

पनवेलला परतल्यावर दाजींचं एक काम उरलं होतं. ते शिरढोणला गेले. धाकूच्या घरी, त्याच्या दारात, त्याच्या शेजारी घोंगडीवर बसले.

"धाकू, तुजी चिठ्ठी मी दुमडली व्हती."

धाकूला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "ठाऊक हाय, दाजी. गिरनीत गेल्यावर म्हयन्याभरातच कळलं."

"ठाऊक व्हतं? आनि तरी बाजारात मला हात जोडत व्हतास?"

"मंग काय करनार? दुसरी चिठ्ठी देनारा व्हता कोन?" धाकू शांतपणे म्हणाला. "जगनला मी कवा बोललो नाय. बोललो आसतो, तर त्यो विनकाम शिकलाच नसता."

 दाजींनी धाकूचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हाताऱ्याचा बांध फुटला. धाकूनं त्यांना रडू दिलं.

बंधुभगिनींनो, तुमच्या-माझ्या ओटीवर गिरणीची चिठ्ठी मागायला कुणी येत नसेल. पण कुणाला कामावर घेताना, खोली भाड्यानं देताना, कुणाचं नाव पुढे करताना आपणही हळूच म्हणतो, "माझं काही नाही हो, लोकांचं बघावं लागतं!" घर सोडून पोटासाठी निघालेल्या माणसाची वाट कायद्यानं मोकळी झाली आहे. ती अडते या एका वाक्यापाशी. हे वाक्य ओठांवर आलं, की त्या लोकांतला पहिला माणूस आपणच तर नाही ना, एवढं ज्यानं त्यानं तपासून पाहावं.